पाऊस, खारं पाणी आणि स्लीपर ऑर्किड



घर शाकारून झालं असेल, सरपण आत गेलं असेल, आगोटीची बाकीची कामं चालू असतील. त्या धांदलीत एका फुलझाडाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ज्यांच्या पडवीत किंवा वाडीत हे झाड आले आहे, त्यांच्याकडे ते मरणार असेल तर बहुधा येत्या चार महिन्यांतच मरेल. झाडाचे नाव स्लीपर ऑर्किड.

हे झाड आपल्याकडे आले कसे, ते आधी पाहू. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धन, मुरूड, अलिबागकडच्या वाड्या आडव्या केल्या. सुपारी गेली, माड गेले, आणि त्यांच्याबरोबर वाडीतली सावलीही गेली. नवी सुपारी लावली तरी ती धरायला पाच-सात वर्षे जातात. मधल्या काळात काय लावावे, हा प्रश्न घरोघर निघाला. अशा वेळी कोणीतरी येतो, मोबाईलमध्ये फुलांची चित्रे दाखवतो आणि म्हणतो, "ऑर्किड लावा, एका झाडाला शेकड्याने रुपये मिळतात." रुपये मिळतात हे खरं आहे. पण ते रोप विकणाऱ्याला मिळतात, की विकत घेऊन वाढवणाऱ्याला, हे नीट पाहून घ्यावे. म्हणून आधी झाड ओळखू, मग पैशाचे बोलू.

झाड कसे असते

फुलाच्या खालच्या पाकळीचा आकार सपातेच्या पुढच्या भागासारखा, आतून पोकळ. त्यावरून इंग्रजीत स्लीपर हे नाव पडले. शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम. ती पोकळ पिशवी पाहून बरेच जण विचारतात, हे झाड किडे खातं का? नाही खात. माशी फुलावर येते, पिशवीत घसरते, गुळगुळीत कडेवरून तिला वर चढता येत नाही. मग मागच्या बाजूला एक अरुंद वाट असते तिथून ती बाहेर पडते आणि जाता जाता परागाचा गोळा पाठीला चिकटवून नेते. एवढंच त्या सापळ्याचं काम. फूल न तोडता झाडावर ठेवले तर महिना-दीड महिना सहज टिकते, कधी दोन महिनेही.

ऑर्किड आपल्याला नवीन नाही. जुन्या आंब्याच्या खोडावर पावसाच्या तोंडाशी गुलाबी-पांढरा गजरा लोंबतो, ती सीतेची वेणी ऑर्किडच. वैदू रास्ना म्हणून ज्याची मुळे नेतात तेही ऑर्किडच. पुष्कळ लोक यांना बांडगूळ समजून कोयत्याने उडवतात. ते करू नये. बांडगूळ झाडात मूळ घुसवून रस ओढतं. ऑर्किड नुसतं सालीवर बसतं, झाडाचं काही खात नाही.

स्लीपर ऑर्किडची राहणी मात्र वेगळी. त्याच्या बहुतेक जाती झाडावर नाही, तर रानातल्या सावलीत, पालापाचोळ्यात किंवा खडकाच्या खाचेत वाढतात. सीतेच्या वेणीची पाने चामड्यासारखी, मुळे जाडजूड. बाजारात दांड्यांनी विकले जाणारे डेंड्रोबियम ऑर्किड घ्या, तर त्याला उसासारखी कांडी असतात आणि त्या कांड्यांत पाणी साठते. स्लीपर ऑर्किडला कांदा नाही, कांडं नाही, पाण्याची साठवण कुठेच नाही. पानांचा एक पंखा, खाली मोजकीच तपकिरी केसाळ मुळे, संपलं. म्हणून ते पूर्ण कोरडे पडून चालत नाही.

आणि बुडूनही चालत नाही. भाताचे रोप चिखलात उभे राहते, कारण त्याच्या आतल्या पोकळ्यांतून हवा पानांकडून मुळांपर्यंत उतरते. या झाडाला ती सोय नाही. त्याच्या मुळाला हवा बाहेरूनच, कुंडीतल्या फटींतून मिळावी लागते. फटी पाण्याने भरल्या की मूळ गुदमरते, मग कुजते. मूळ कुजले की पाणी वर चढत नाही, पाने मलूल पडतात. मलूल पाने पाहून आपण काय करतो? आणखी पाणी घालतो! रायगडच्या किनाऱ्यावर हे झाड उन्हाने कमी आणि पाण्याने जास्त मरते. जास्त झालेलं पाणी, साचलेलं पाणी आणि खारं पाणी, ही तीन कारणं. पुढचं सगळं सांगणं या तिघांविषयीच आहे, पण त्याआधी कायद्याचं बोलून घेऊ.

रोप आणण्याआधी हे वाचा

स्लीपर ऑर्किड महाराष्ट्राच्या सह्याद्रीत रानात कुठेही उगवत नाही. "घाटातल्या जंगलातलं आहे," असे सांगून कोणी रोप विकायला आणले तर तो खोटं बोलतो आहे. भारतात या झाडाच्या बहुतेक जाती ईशान्येच्या डोंगरांत आहेत. दक्षिणेत एकच आहे, ती केरळच्या टोकाला अगस्त्यमलै डोंगरात. पिवळ्या फुलाची ही जात कर्नल ड्रुरी या इंग्रज अधिकाऱ्याला १८६५ साली सापडली, म्हणून तिचे नाव ड्रुरी. तिच्यामागे फुलांचे शौकीन आणि व्यापारी लागले. ती इतकी ओरबाडली गेली की पुढे ती नामशेष झाली असेच धरले जात होते. १९७२ साली ती पुन्हा आढळली, आणि पुन्हा तिची लूट सुरू झाली. आज ती रानात अगदी थोडी उरली आहे.

असे का होते, त्याला कारण आहे. डेंड्रोबियमची रोपे प्रयोगशाळेत एका कोंबापासून लाखांनी करता येतात. स्लीपर ऑर्किडच्या बाबतीत ही युक्ती अजून नीट साधत नाही. ते बियांपासून किंवा झुडूप वेगळे करूनच वाढवावे लागते. बी धुळीसारखे बारीक असते. मातीत टाकून ते रुजत नाही, बाटलीत निर्जंतुक खाद्यावर रुजवावे लागते. तिथून फूल येईपर्यंत चार-पाच वर्षे किंवा जास्तही जातात. म्हणून रोप महाग, आणि महाग म्हणून रानातून उपटून आणायचा मोह.

त्यामुळे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली, तेव्हा संरक्षित वनस्पतींच्या यादीत स्लीपर ऑर्किड घातले गेले. यादीतले झाड रानातून उपटणे गुन्हा आहे. आणि बंधूंनो, त्याची लागवड आणि विक्री करायलाही परवाना लागतो. परदेशाशी होणाऱ्या व्यापारावरही कडक बंधने आहेत. रोपवाटिकेत तयार केलेली संकरित जात असली तरी आणण्याआधी आपल्या तालुक्याच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात जाऊन विचारावे, काय कागद लागतात ते लिहून घ्यावे. विक्रेत्याकडे परवाना मागावा. बिल घ्यावे, त्यावर जातीचे नाव असावे, आणि ते बिल सातबाऱ्याच्या फायलीत जपून ठेवावे. परवान्याचे नाव काढताच जो कानावर हात ठेवतो, त्याच्याकडून काही घेऊ नये.

उपटून आणलेले झाड नजरेनेही ओळखता येते. मुळे तुटलेली असतात, पानांवर शेवाळ आणि किड्यांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा असतात, दोन झाडे एकसारखी नसतात. रोपवाटिकेतले झाड कुंडीत मुरलेले असते. कुंडी अलगद उलटी केली तर मुळांसकट गोळा बाहेर येतो.

कोणती जात किनाऱ्यावर राहते

सगळ्या जाती आपल्याकडे जगणार नाहीत. ईशान्येच्या डोंगरातल्या, अरुंद आणि साध्या हिरव्या पानांच्या बहुतेक जातींना थंडीत गार रात्री लागतात. त्या इथे पाने काढतील, पण फुलणार नाहीत. ड्रुरीही उंच डोंगरातलीच. आपल्याला हव्यात उष्ण, दमट हवेतल्या जाती. ढोबळ खूण अशी की पानांवर गडद-फिकट हिरव्या रंगाची नक्षी असेल तर ते झाड बहुधा उबदार हवेतले. या खुणेला अपवाद आहेत, पण बाजारात उभे राहून निवडायला ती पुरते.

त्यातही सर्वांत सोशिक म्हणजे मॉडिए नावाचा संकर आणि त्याच्यापासून निघालेली पिढी. हा संकर इंग्लंडमध्ये १९०० साली नोंदला गेला. त्याच्या आईबापांपैकी कॅलोसम ही थायलंडकडची जात. हिरवी-पांढरी, जांभळट, गडद लाल अशा रंगांत तो मिळतो. नवशिक्याने यापलीकडे जाऊ नये.

दुसरा गट नीव्हियम, कॉनकलर वगैरेंचा. बसकी झाडं, गोल पांढरी-पिवळसर फुलं. नीव्हियम ही मलेशियाच्या लंगकावी बेटांवर समुद्राजवळच्या चुनखडीच्या कड्यांवर वाढते, म्हणजे हवा जवळपास आपलीच. पण पाणी जरा जास्त झाले की ही झाडं पहिल्यांदा कुजतात. वर्षभर मॉडिए सांभाळून दाखवावं, मग इकडे वळावं.

कुंडी आणि तिच्यात काय भरायचे

माती भरायची नाही. शेणखतही नाही. हे दोनदा वाचा, कारण आपला हात सवयीने तिकडेच जातो.

नारळाचे सोडण घ्यावे. त्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत, भुसा झटकून टाकावा. आपल्या माडांच्या सोडणात मीठ असते आणि कातासारखा तपकिरी रसही असतो, म्हणून हे तुकडे गोड्या पाण्यात रात्रभर भिजवावेत, पाणी फेकावे, पुन्हा भिजवावेत. तीन-चार वेळा केल्यावर पाणी जवळपास स्वच्छ उतरते, तोवर करत राहावे. दोन ओंजळी सोडण, एक ओंजळ लाकडी कोळशाचे तुकडे आणि एक ओंजळ फुटक्या कौलांचे किंवा जांभ्याचे खडे, असे मिश्रण आपल्याकडे चालते. खडे हरभऱ्यापेक्षा मोठे आणि सुपारीपेक्षा लहान असावेत. नीव्हियमसारख्या चुनखडीवरच्या जातींसाठी कालवांच्या शिंपल्यांचा चुरा मूठभर घालावा. शिंपले मात्र एक पावसाळा उघड्यावर धुऊन निघालेले असावेत, कालचे ताजे नकोत.

कुंडी लहान घ्यावी, चार-पाच इंचांची. मोठ्या कुंडीत मधला भाग दिवसेंदिवस ओला राहतो आणि कूज तिथूनच लागते. मातीची कुंडी असेल तर कुंभाराकडून बाजूलाही भोके पाडून घ्यावीत. खाली ताटली ठेवू नये. पायऱ्या-पायऱ्यांच्या लाकडी मांडणीवर किंवा जाळीच्या फळीवर कुंडी ठेवली म्हणजे वारा खालून लागतो.

सावलीचे म्हणाल तर, दुपारी बारा वाजता झाडावर हात धरून पाहावा. हाताची सावली पुसट पडली, कडा नीट दिसल्या नाहीत, तर उजेड बरोबर आहे. सावली काळी ठसठशीत पडली तर ऊन जास्त. पूर्वेकडची पडवी किंवा दाट वाडी चांगली. ज्यांची वाडी वादळात उघडी पडली आहे त्यांना हिरवी जाळी लागेल, तीही पाऊण ऊन अडवणारी. पाने पिवळट झाली तर उजेड जास्त आहे. गर्द हिरवी आणि लोळणारी झाली तर कमी आहे, अशा झाडाला फूल येणार नाही.

पाणी कुठले घालायचे

आता खाऱ्या पाण्याकडे येऊ. अष्टागरापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरापर्यंत किनाऱ्यालगतच्या कितीतरी विहिरी मार्च उलटला की मचूळ होतात. माड ते पाणी सोसतो, सुपारी कुरकुरत का होईना सोसते. स्लीपर ऑर्किड सोसत नाही. आधी पानांची टोके तपकिरी होतात, मग मुळांची टोके काळी पडतात. जिभेला मचूळ लागणारे पाणी तर नकोच, पण जिभेला कळत नाही एवढे क्षारही त्याला बाधतात. माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. अहवालात क्षारांचे माप म्हणून ई.सी. चा आकडा असतो. तो ०.५ च्या वर असेल तर ते पाणी या झाडाला घालू नये.

मग घालायचे काय? पावसाचे! आपल्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि पन्हळीतून धो धो वाहून खाडीला मिळतो. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. दहा चौरस मीटरच्या पडवीच्या छपरावर एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर हजार लिटर. म्हणजे दोनशे लिटरची पाच पिंपे एका दिवसात भरतात, थोडे सांडले असे धरले तरी चार.

आता लागते किती ते पाहा. एका लहान कुंडीला एका वेळी सुमारे ३०० मिलिलिटर, आठवड्यातून तीनदा. पाच कुंड्यांना आठवड्याला साडेचार लिटर. पावसाळा सोडून उरलेल्या पस्तीस आठवड्यांना सुमारे १६० लिटर. म्हणजे पाच कुंड्यांना वर्षाचे पाणी एका पिंपात मावते. शंभर कुंड्या असतील तर मात्र सोळा-सतरा पिंपे मांडावी लागतील. किती झाडे ठेवायची हे ठरवताना आधी पिंपे मोजावीत, पैसे नंतर.

मृगाच्या पहिल्या दोन-तीन सरींचे पाणी धरू नये. कौलावरची धूळ, काटक्या आणि उन्हाळाभर बसलेले खारे कण त्यात धुऊन येतात. पुढचे धरावे. पिंपाच्या तोंडाला दुहेरी कापड घट्ट बांधावे, नाहीतर ऑर्किड राहील बाजूला आणि घरात डासांचा ताप येईल.

पावसाळ्यातले चार महिने

पहिली गोष्ट, कुंड्या पागोळ्यांखाली ठेवू नयेत. "पावसाचं पाणी चांगलं" असे आताच सांगितले म्हणून लोक कुंड्या उघड्यावर मांडतात. पाणी चांगलं आहे, पण आषाढात ते आठ-आठ दिवस थांबत नाही. पानांच्या पंख्याच्या मध्यभागी, जिथून नवीन पान किंवा कळी निघते त्या पोंग्यात पाणी साचून राहिले की पोंगा कुजतो आणि झाडाचा तो पंखा जातो. पडवीत किंवा पारदर्शक पत्र्याखाली कुंड्या ठेवाव्यात. पडवीला पावसासाठी झाप बांधत असाल तर कुंड्यांच्या बाजूला थोडी फट राहू द्यावी, वारा कोंडू नये. दोन कुंड्यांत वीतभर अंतर ठेवावे.

पाणी किती दिवसांनी? याला तारीख नाही. कुंडी उचलून पाहावी. पाणी घातल्यावर तिचे वजन हाताला कसे लागते ते लक्षात ठेवावे, आणि तिचा हलकेपणा जाणवू लागला, पण सोडणाचे तुकडे अजून आतून ओलसर आहेत, तेव्हा पाणी द्यावे. उन्हाळ्यात हे दर दोन-तीन दिवसांनी येते. झडीच्या दिवसांत आठवडा जाईल, कधी जास्तही. पाणी सकाळी घालावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. पाणी घालायचं तेव्हा खालून वाहीपर्यंत घालावं; रोज चमचा-चमचा घातलं तर क्षार कुंडीतच साठतात.

खत अगदी पातळ द्यावे. पाण्यात विरघळणारे १९:१९:१९ हे खत एका लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, आधी साध्या पाण्याने कुंडी ओली करून. युरिया नको. ज्याला खताने झाड लवकर वाढवायचे आहे त्याने भेंडी लावावी.

गोगलगाई ही पावसाळ्यातली मोठी पीडा. एका रात्रीत त्या कळी खातात, आणि या झाडाची एक कळी गेली म्हणजे त्या पंख्याचे फूलच गेले, कारण एक पंखा आयुष्यात एकदाच फुलतो. रात्री नऊ-दहाच्या सुमाराला बॅटरी घेऊन मांडणीखाली, कुंड्यांच्या बुडाखाली बघावे आणि वेचून काढाव्यात. मांडणीच्या पायांभोवती कोरड्या राखेचा पट्टा टाकावा, भिजला की पुन्हा टाकावा. मीठ वापरू नये, ते कुठे जाते हे आता तुम्हाला ठाऊक आहे.

पानावर पाणी भरल्यासारखा, मऊ, तपकिरी डाग दिसला आणि त्याला दुर्गंधी असली तर त्याच दिवशी हालचाल करावी, उद्यावर टाकू नये. हा सडका रोग पाण्याच्या शिंतोड्यांनी शेजारच्या कुंडीवर जातो. सुरी दिव्यावर तापवून घ्यावी आणि डागाच्या पुढे बोटभर निरोगी भाग धरून पान कापावे. कापल्या जागी स्वयंपाकघरातली दालचिनीची पूड लावावी. ती पानालाच, मुळाला नको, मूळ तिने सुकते. ती कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी आणि पान कोरडे राहील असे बघावे. सुरी पुन्हा तापवल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावू नये.

आणखी एक गोष्ट सुपारीवाल्यांसाठी. गळ होऊ नये म्हणून तुम्ही सुपारीच्या घोसांवर बोर्डो फवारता. त्या दिवशी खालच्या कुंड्या उचलून आत न्याव्यात. वरून ठिबकणारे मोरचूद-चुन्याचे पाणी पोंग्यात उतरले तर पान करपते. डेंड्रोबियम असेल तर त्याला मोरचूद आणखीच बाधते.

पिठ्या ढेकूण पानांच्या बगलेत दिसला तर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून काढावा. त्यासाठी मोठी औषधे आणायची गरज नाही.

पैशाचे काय

आता त्या मोबाईलवाल्याचे. स्लीपर ऑर्किड हे वाडीचे पीक नाही. एका पंख्याला बहुधा एकच फूल, तेही एकदाच. नवीन पंखा वाढून फुलायला वर्ष-दीड वर्ष. रोप महाग, वाढ सावकाश, त्यात परवान्याचे कागद. कर्ज काढून शेडनेट उभारावे आणि त्यात हीच झाडे भरावीत असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नये. ऑर्किडच्या फुलांवर पैसे मिळवायचे असतील तर डेंड्रोबियमचा विचार करावा. त्याला एका दांडीवर कितीतरी फुले येतात, दादरच्या फूलबाजारात ती दांडी ओळखीची आहे, रोपे मिळतात. त्यालाही भांडवल लागतेच, म्हणून आधी किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात किंवा दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात विचारपूस करावी, आणि लागवड केलेल्या एखाद्या शेतकऱ्याकडे पावसाळ्यात जाऊन यावे. पावसाळ्यातच जावे, मार्गशीर्षात सगळ्यांच्याच वाड्या छान दिसतात.

मग स्लीपर ऑर्किड कोणी ठेवावे? ज्यांच्या घरी नागाव, काशीद, दिवेआगरकडे पाहुणे मुक्कामाला येतात, त्यांनी पडवीत चार-पाच कुंड्या जरूर ठेवाव्यात. दोन महिने टिकणारे फूल दाराशी असले की पाहुणा थांबून विचारतो. ज्या मुलामुलींना झाडांचा नाद आहे त्यांना एक कुंडी सांभाळायला द्यावी. हात किती धीराचा आहे ते वर्षभरात कळते. घरात हे झाड टिकवणारा हात असेल तर डेंड्रोबियम त्याला जड जाणार नाही.

पाऊस गेल्यावर

सोडण आपल्या हवेत लवकर कुजते. डोंगरावरच्या थंड गावी जे मिश्रण दोन वर्षे जाते ते किनाऱ्यावर एका पावसात भुसा होते आणि भुसा झाले की हवा बंद. म्हणून दरवर्षी दसरा ते दिवाळीच्या दरम्यान, आभाळ मोकळे झाले की कुंडी बदलावी. ज्यांनी गेल्या वर्षी बदलली नसेल त्यांनी हे पत्रक हाती पडताच कुंडी उलटी करून वास घ्यावा. ओल्या रानासारखा वास आला तर ठीक. आंबूस, कुजका वास आला तर दसऱ्यापर्यंत थांबू नये, मृग लागण्याआधीच नवीन मिश्रण भरावे.

कुंडी बदलताना मुळे दाबून पाहावीत. तपकिरी पण घट्ट मूळ जिवंत असते, रंगावर जाऊ नये. दाबल्यावर पोकळ लागते आणि साल निघून आतला दोरा हातात येतो ते मूळ मेलेले, ते कापून टाकावे. झुडपात निदान सहा पंखे झाले असतील तरच ते दोन भागांत वेगळे करावे, आणि प्रत्येक भागाला निदान तीन पंखे राहू द्यावेत. एकेक पंखा तोडून पाच कुंड्या केल्या तर पाचही झाडे दोन-तीन वर्षे नुसती बसून राहतात. झाड पूर्वीएवढ्याच खोल बसवावे. नवीन मुळे पंख्याच्या बुडाशी फुटतात, ते बूड मिश्रणाला जेमतेम टेकलेले असावे, वर लटकत राहिले तर मुळे हवेतच सुकतात. बसवल्यावर एक-दोन दिवस पाणी देऊ नये, कापलेल्या जागा सुकू द्याव्यात. पुढे तीन आठवडे जरा जास्त सावलीत ठेवावे, खत द्यायचे नाही. बुडाशी नवीन मुळाचे पांढरट टोक दिसले की कुंडी पुन्हा पडवीतल्या तिच्या जागी न्यावी.